दोनशे डॉलरचं दुकान

नोव्हेंबर २०११. अमेरिकेत नाताळच्या खरेदीचा हंगाम सुरू झाला होता आणि सात इंची पडद्याचे दोन टॅबलेट एकमेकांसमोर उभे ठाकले होते. ॲमेझॉनचा किंडल फायर १९९ डॉलरला आणि बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या साखळीचा नूक टॅबलेट २४९ डॉलरला. ॲपलचा आयपॅड २ तेव्हा ४९९ पासून सुरू होत होता, म्हणजे एका आयपॅडच्या पैशांत दोन फायर येऊन वर शंभर डॉलर उरत. त्याच्या तीनेक महिने आधी एचपीने आपला टचपॅड गुंडाळताना उरलेला माल ९९ डॉलरला काढला, तेव्हा तो घ्यायला झुंबड उडाली होती. टॅबलेट लोकांना हवा होता, फक्त आयपॅडचा भाव परवडत नव्हता.

नुसती यादी समोर ठेवली तर नूक सरस होता. रॅम दुप्पट, साठवण दुप्पट, शिवाय मेमरी कार्ड घालायची सोय. फायरला कार्डाची सोय नाही, कॅमेरा नाही, माइकही नाही. पन्नास डॉलर जास्त मोजून एवढं पदरात पडत असेल तर घ्यावा, असंच कुणीही म्हणालं असतं. पण नूक घरी आणून सेटिंग्ज उघडल्या की वेगळाच हिशेब दिसायचा. सोळा जीबीपैकी स्वतःची गाणी, फोटो, फायली ठेवायला ग्राहकाच्या वाट्याला जेमतेम एक जीबी. बारा जीबीच्या आसपास जागा बार्न्स अँड नोबलच्या दुकानातून घेतलेल्या मालासाठी राखून ठेवलेली. पैसे सोळा जीबीचे मोजायचे आणि त्यातला मोठा हिस्सा विक्रेत्याच्या गोदामासारखा रिकामा ठेवायचा. महिनाभरातच आलेल्या एका अपडेटने बाहेरची ॲप घालायची वाटही बंद केली.

फायरमध्ये बाहेरचं ॲप घालायला मुभा होती. त्याची आडकाठी दुसऱ्या जागी होती. तो अँड्रॉइडवर चालत असला तरी गूगलचं ॲपचं दुकान त्यात नव्हतं. पुस्तकं ॲमेझॉनच्या स्वतःच्या साच्यातली, चित्रपट ॲमेझॉनचे, वर्षाला ७९ डॉलर भरून प्राइमचं सभासद झालं की बरेचसे फुकट. प्राइमच्या किंडलधारकांना महिन्याला एक पुस्तक उसनंही मिळे. नूकवाल्यांकडे याला तोड म्हणून सुमारे सातशे खरीखुरी पुस्तकांची दुकानं होती. तिथे नूक घेऊन जावं, जवळपास कोणतंही ई-पुस्तक रोज तासभर फुकट वाचावं. मला ही कल्पना आजही मोलाची वाटते. पुस्तकाच्या दुकानाला दुकान म्हणून जिवंत ठेवणारी ती शेवटच्या काही युक्त्यांपैकी एक होती, आणि बॉर्डर्स ही दुसरी मोठी साखळी त्याच वर्षी दिवाळखोरीत संपली होती, हे ध्यानात घेतलं तर त्या धडपडीची किंमत कळते.

दोन टॅबलेटांची तुलना करताना ग्राहक रॅम, पडदा आणि वजन बघत होता. विकणारे मात्र काही वेगळंच विकत होते. ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढच्याच वर्षी ते उघडपणे सांगितलं: यंत्र आम्ही खर्चाएवढ्याच भावात देतो, त्यावर नफा ठेवत नाही, लोक ते वापरतील तेव्हा आम्हाला पैसे मिळावेत. त्यात लपवाछपवी नव्हती. २०१२ मध्ये फायरच्या लॉक स्क्रीनवर जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर पंधरा डॉलर भरा असं ठरलं. त्याच वर्षी गूगलने नेक्सस ७ आणला, तोही १९९ डॉलरला, आणि सोबत गूगल प्लेवर खर्च करायला पंचवीस डॉलर दिले. एका वर्षात तीन कंपन्यांनी जवळपास एकाच किमतीला एकाच आकाराची वस्तू दिली. कारण ती वस्तू म्हणजे प्रत्येकाच्या दुकानाचा उंबरठा होता, आणि उंबरठा कुणी महाग ठेवत नाही.

तेव्हाच्या जाणकारांचा एक मुद्दा मला त्या काळी पटायचा, आज तितका पटत नाही. नूक ईपब या सर्वमान्य साच्यात पुस्तकं देतो, ॲमेझॉनचा साचा खासगी आहे, म्हणून नूक घेणारा मोकळा आणि किंडल घेणारा अडकलेला, असं ते म्हणत. पण नूकच्या दुकानातलं ईपबसुद्धा कुलूपबंद होतं. साचा सगळ्यांचा आणि किल्ली एकाची, अशी ती गत. बार्न्स अँड नोबलने जून २०१३ मध्ये स्वतःचे रंगीत टॅबलेट बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ब्रिटनमधलं नूकचं दुकान मार्च २०१६ मध्ये बंद झालं आणि तिथल्या वाचकांची बहुतेक पुस्तकं सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळीकडे सोपवली गेली. सेन्सबरीजनेही त्याच वर्षी ई-पुस्तकांतून अंग काढून घेतलं आणि ती पुस्तकं कोबो या ई-पुस्तक कंपनीकडे गेली. एका वर्षात तीन मालक. ज्यांनी वेळेत ईमेल वाचून दुव्यावर टिचकी मारली नाही, त्यांची खरेदी तिथेच राहिली. उलट ज्याला बंदिस्त म्हणून नावं ठेवली त्या किंडलची २०११ साली घेतलेली पुस्तकं अमेरिकेतला ग्राहक अजून वाचतो आहे.

म्हणून मोठं दुकान बघून विसंबावं का? तसंही नाही. मोठ्या दुकानाचे दाखलेही कमी नाहीत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑरवेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्कच नव्हते असं कारण होतं, पैसेही परत दिले. पण एका शाळकरी विद्यार्थ्याने त्या प्रतीला जोडून काढलेली टिपणं निकामी झाली. बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, तरी तो कोर्टात गेला. दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या जुलैत आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेलं प्रत्येक पुस्तक दिसेनासं झालं. पैसे मिळाले, टिपणं लिहिणाऱ्यांना वर पंचवीस डॉलर. समासात लिहिलेल्या विचारांचा हा भाव कुणी ठरवला? चीनमधलं किंडलचं दुकान जून २०२३ मध्ये बंद झालं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालायची सोय काढून टाकली. स्वतःकडे एक प्रत राखून ठेवण्याची ती सगळ्यांत सरळ वाट होती.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला आहे: आपण मालकी देत नसून फक्त वापराचा परवाना देत आहोत, हे डिजिटल विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. इतका साधा खुलासा मिळवायला कायदा करावा लागला. आपल्याकडे तेवढाही नाही.

आपल्या भाषेचा या गोष्टीशी संबंध २०११ पासूनच आहे. फायर तेव्हा फक्त अमेरिकेत विकला जाई. तरी तिकडे स्थायिक झालेल्या मुलांच्या बॅगांतून असे टॅबलेट पुण्या-मुंबईच्या आईवडिलांपर्यंत यायचे. इथे आल्यावर चित्रपट चालत नसत, कारण ते अमेरिकेपुरते होते. राहिलं वाचन. पण फायर आणि नूक दोन्ही अँड्रॉइड २.३ वर बेतलेले, आणि त्यात देवनागरीची धड सोय नव्हती. जोडाक्षरं फुटत, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येत. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षं पुरी होऊन ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ ला सर्वांसाठी मोकळं झालं. म्हणजे ज्या वर्षी दोनशे डॉलरचे टॅबलेट आले, त्याच वर्षी घरोघरचं पुस्तक कुणालाही फुकट देता येऊ लागलं. तरी ते त्या टॅबलेटवर वाचायचं तर पानांचे फोटो काढलेली पीडीएफच उघडावी लागे. सात इंची पडद्यावर छापील पान बोटभर दिसायचं. दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची, मग पान मागे ओढून पुढची ओळ पकडायची. ज्यांची नजर कमजोर झाली आहे त्यांच्यासाठी आणलेल्या वस्तूवर ही कसरत. किंडलच्या दुकानात मराठी अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

त्याच २०११ च्या ५ ऑक्टोबरला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅबलेटचं अनावरण झालं होतं. कोणत्याही दुकानाशी न बांधलेला, विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त सरकारी टॅबलेट. हेतू मोठा होता आणि माझ्या मते बरोबरही होता: यंत्र घेताना विद्यार्थ्याने कुणाचं गिऱ्हाईक होण्याची गरज नाही. पण पहिल्या आकाशचा पडदा बोट दाबल्याशिवाय जागा होत नसे, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकायची. पुढच्या वर्षी काम पवईच्या आयआयटीकडे आलं आणि दुसरा आकाश बराच सुधारला. तरी योजना टिकली नाही. खर्चाचं गणित हे एक कारण होतंच. मला वाटणारं दुसरं कारण असं की यंत्र उघडल्यावर आपल्या भाषेत, आपल्या इयत्तेचं, वाचावंसं काय आहे, याची तयारी यंत्राच्या मागून धापा टाकत येत होती. ॲमेझॉनने आधी पंधरा-सोळा वर्षं दुकान भरलं आणि मग टॅबलेट काढला.

आज मराठी वाचकाकडे साहित्य आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं मोफत उतरवता येतात, मराठी विकिस्रोत आहे. विकत घ्यायचं तर बुकगंगा आणि किंडल, ऐकायचं तर स्टोरीटेल. टॅबलेटही दहा-पंधरा हजारांत बरे मिळतात, आणि महाज्योतीसारखी राज्य सरकारची संस्था जेईई-नीटच्या काही मुलांना ते मोफत देते. बहुतेक सगळ्यांवर गूगलचंच दुकान असल्यामुळे २०११ सारखी उघड लढाई दिसत नाही. बांधून ठेवणं मात्र संपलेलं नाही. क्लासचा अभ्यासक्रम विकत घेतला की सोबत येणारा टॅबलेट पाहा: कित्येकदा त्यात त्यांच्या व्हिडिओंखेरीज काही चालत नाही, आणि वर्ष संपलं की व्हिडिओही बंद. पालकांनी पन्नास-साठ हजार भरलेले असतात आणि घरात उरतो तो निरुपयोगी पत्रा.

दुसरी एक गोष्ट खोक्यावर क्वचितच लिहिलेली असते. सिनेमाची ॲप वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था तपासतात. टॅबलेटला तिची एल १ पातळी नसून एल ३ असेल, तर पडदा कितीही स्पष्ट असला तरी नेटफ्लिक्स त्यावर धूसर, ४८० रेषांचंच चित्र पाठवतं. पडद्याचे पैसे दिले, चित्र मिळालं नाही. दुकानदाराला आधी हे विचारा. सांगता आलं नाही तर दुसरीकडे जा. सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार हेही विचारा, आणि कार्ड घालायची जागा बघा. रॅमचा आकडा त्यानंतर.

सिनेमा आणि गाणी भाड्याने चालतील असं मी मानतो. एकदा पाहिलं, झालं. पुस्तकाचं तसं नाही, निदान आपल्या समाजात नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. ते मासिक बंद पडून कित्येक दशकं लोटली, पण ज्या ग्रंथालयाने त्याचे अंक जपले तिथे ते आजही उघडून वाचता येतात. प्रकाशक हयात असण्याची त्यांना गरज नाही. आता दिवाळी अंक ॲपमध्ये विकले जातात. वाचकांपर्यंत पोचायला, विशेषतः परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत, ती फार चांगली सोय आहे. पण ॲप बंद झालं की त्या वर्षीचा अंक कुठे पाहायचा, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी नाही. ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने तो जपायचा म्हटलं तरी त्यांच्या हाती फाइल नसते.

कुलूप काढलं तर चोरी होईल ही प्रकाशकांची भीती खरी आहे. छापील मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लेखकाचं नुकसान होतं, हे मीही पाहतो. पण त्या बहुतेक कागदावरून स्कॅन केलेल्या असतात. ई-पुस्तकाच्या कुलपाने त्या अडत नाहीत. संगीत कंपन्यांनी हीच भीती धरून ठेवली होती, आणि २००९ पर्यंत आयट्यून्सवरची गाणीसुद्धा कुलपाविना विकली जाऊ लागली. इंग्रजी विज्ञानकथांच्या टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांचं कुलूप काढलं. वर्षभरानंतर त्यांच्या ब्रिटिश शाखेने सांगितलं की चोरी वाढल्याचं दिसलेलं नाही.

मराठी प्रकाशकांकडे माझी मागणी एवढीच आहे: ॲपवर जरूर विका, किंडलवर विका, पण त्याच किमतीत विनाकुलूप ईपबची एक प्रत वाचकाला उतरवून घेऊ द्या आणि एक प्रत ग्रंथसंग्रहालयात जमा करा. दिवाळी अंकांपासून सुरुवात करा, कारण त्यांची मुख्य विक्री दोन महिन्यांत आटोपते आणि त्यानंतर कुलूप राखून कुणाचाच फायदा नाही. आणि वाचकांनो, यंदा घरात टॅबलेट येणार असेल तर त्यावर पहिलं मराठी पुस्तक घेताना विक्रेत्याला ईमेल करून विचारा की ही फाइल मला माझ्याकडे ठेवता येईल का. शंभर जणांनी विचारलं तर त्याला उत्तर शोधावं लागेल.