मलाच जमत नाही

माझी मामेबहीण नववीत आहे. गेल्या वर्षी तिने एअर रायफल नेमबाजी सुरू केली आणि मामाने तिला नुकतंच बाजारात आलेलं एक मॉडेल घेऊन दिलं. रायफल दिसायला देखणी होती. दस्त्याला पॉलिश, नळीला काळं चकचकीत फिनिश. पण दोन महिने झाले तरी तिचे छर्रे कार्डावर एका जागी पडेनात. नेम दहा मीटरवरून धरायचा, छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा. सगळ्यांना वाटलं, हिचा हात हलतोय. ती रोज संध्याकाळी रिकामी रायफल धरून भिंतीसमोर उभी राहायची. शेवटी मला म्हणाली, "दादा, मलाच जमत नाही. सोडून देते."

मग एका रविवारी कोचने नळीच्या तोंडाच्या कडेवरून कानात घालायची कापसाची काडी फिरवली. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे धातूची बारीक 'बर' राहिली होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये जी काढली नाही म्हणून आम्ही बोलणी खायचो, तीच. छर्रा नळीतून सुटताना त्याचा शेवटचा स्पर्श या कडेला होतो. कड एका बाजूला खडबडीत असेल तर मागची दाबलेली हवा चारही बाजूंनी सारखी सुटत नाही आणि छर्रा किंचित ढकलला जातो. क्लबची जुनी रायफल हातात दिल्यावर त्याच मुलीचे छर्रे जवळजवळ पडू लागले.

कारखान्याने तपासणी केलीच नसेल, असं मी म्हणत नाही. आयएसओ 2859-1 या मानकाप्रमाणे 1000 नगांच्या लॉटमधून साधारणपणे 80 नग तपासतात. दोषमर्यादा 1 टक्का ठरवली असेल तर त्यात दोन सदोष निघाले तरी अख्खा लॉट पास होतो. यात लबाडी नाही. प्रत्येक नग तपासायचा तर किंमत वाढेल आणि मामाला ती परवडणार नाही. महागड्या मॅच रायफलींसोबत बहुधा कारखान्यातच झाडलेल्या छर्ऱ्यांचं एक कार्ड येतं. ते कार्ड सांगतं की रायफल इतकं करू शकते, पुढचं तुमच्यावर.

माझा प्रश्न त्या कार्डापाशी सुरू होतो. काही नग सदोष निघणार हे कंपनीला माहीत असतं. ते कोणाच्या वाट्याला येतील, हे माहीत नसतं. अनुभवी नेमबाज तासाभरात दोष ओळखतो आणि रायफल परत करतो. नवशिक्याला मात्र दोष रायफलीत आहे की आपल्यात, हे कळायला मार्गच नसतो. तो स्वतःलाच दोष देतो. म्हणजे वाचवलेल्या खर्चाची किंमत ज्याला सगळ्यात कमी समजतं तोच मोजतो, आणि तीही पैशात नाही.

चुकांतून शिकावं, असं आपण सहज म्हणतो. पण चूक आपलीच आहे याची खात्री असेल तरच तिच्यातून शिकता येतं. नाहीतर नुसती लाज वाटते.

हे मी कोणत्या तोंडाने बोलतोय, हा प्रश्न मला पडतो. आमच्या ॲपमध्ये नेट मंद असलं की भरलेला फॉर्म पुसला जायचा. ते रिलीजआधीच आम्हाला माहीत होतं. मी स्वतः त्या बगला 'लो प्रायॉरिटी' दिली होती. पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणून. लोखंडाला अपडेट पाठवता येत नाही, आपल्याला येतो, ही आमची सोयीची समजूत. नंतर सपोर्टकडे आलेल्या तक्रारी वाचल्या. बऱ्याच जणांनी ॲपला नावं ठेवलीच नव्हती. "मला मोबाइलमधलं फार कळत नाही," अशीच सुरुवात होती.

निर्दोष वस्तू बनवणं कोणालाच शक्य नाही, हे मी मान्य करतो. पण दोष असू शकतो, तो कुठे असतो आणि कसा ओळखायचा, एवढं सांगणं शक्य असतं. रायफलीच्या खोक्यात त्यासाठी चार ओळींचा कागद पुरला असता. आमच्या फॉर्मवर एक ओळ पुरली असती. ती ओळ मी आता टाकली आहे. बग अजून रांगेत आहे.

बहिणीची रायफल कंपनीने बदलून दिली. तरीही नेम चुकला की ती अजून आधी नळीकडे बघते, मग स्वतःच्या हाताकडे. नक्की कोणावर विश्वास ठेवायचा, हे ती पुन्हा शिकतेय.