टॅरोच्या पानावरचा अर्थ कोणाचा?

ज्याच्या संग्रहात टॅरोचे अनेक कॅट आहेत, तो एका मोठ्या दाव्याची परीक्षा घेऊ शकतो. दावा असा की टॅरोच्या ७८ पानांत प्राचीन काळापासून ठरलेला अर्थ साठवलेला आहे आणि निरनिराळे चित्रकार तो फक्त आपापल्या शैलीत मांडतात. कॅटसोबत मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिका याच गृहीतावर उभ्या असतात. संग्राहकही पुष्कळदा तसेच मानून चालतो आणि मग त्याची तुलना आवडीनिवडीपुरती उरते: हा कॅट प्रसन्न, तो गडद, तिसरा हाताळायला सोपा. माझे म्हणणे असे की परस्परविरोधी वळणाचे कॅट शेजारी ठेवून एकेक पान ताडून पाहिले, तर हा दावा टिकत नाही. अर्थ त्या पानावर विशिष्ट काळात विशिष्ट माणसांनी आणलेला दिसतो आणि त्यातला फार मोठा वाटा चित्र काढणाऱ्या हाताचा असतो.

परीक्षेसाठी तलवारींची तिर्री घेऊ. कॅटची सर्वसाधारण रचना अशी: पेले, नाणी, तलवारी आणि दंड या चार रंगांची प्रत्येकी १४ पाने आणि त्यांखेरीज २२ स्वतंत्र चित्रांची पाने. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी १४५० च्या सुमारास सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला कॅट हा उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कॅटांपैकी एक. त्याची ७४ पाने आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची अकादेमिया करारा आणि कोलेओनी घराणे यांच्यात विभागलेली आहेत. हरवलेल्या चार पानांत नेमकी तलवारींची तिर्री आहे. प्रतिकृतीत ती दिसते ती आधुनिक चित्रकाराने कल्पनेने पुरवलेली. १७६० हे साल असलेला निकोला कॉन्व्हेर याचा मार्सेलचा कॅट उघडला, तर या पानावर दोन वाकड्या तलवारींनी केलेला लंबगोल, त्यातून गेलेली एक सरळ तलवार आणि थोडी पानाफुलांची वेलबुट्टी एवढेच आहे. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या कॅटमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी याच पानावर तीन तलवारींनी भेदलेले लाल हृदय काढले आणि मागे ढग व पाऊस. अलीस्टर क्रॉली यांच्या कल्पनेवरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेल्या थॉथ कॅटमध्ये तलवारींची टोके एका गुलाबावर येऊन भिडतात, पाकळ्या विखुरतात, मागे काळोख दाटलेला असतो आणि खाली दुःख या अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला असतो.

इथे फरक फक्त शैलीचा नाही. हे तीन कॅट पाहणाऱ्याकडून तीन वेगळी कामे करून घेतात. मार्सेलचे पान काहीच सांगत नाही. अर्थ काढायचा तर तीन हा आकडा आणि तलवार हा रंग यांची सांगड पाहणाऱ्यालाच घालावी लागते. स्मिथ यांचे पान प्रसंग उभा करते, त्यामुळे ज्याने एकही पुस्तक वाचलेले नाही त्यालाही काळीज विदीर्ण होणे कळते. त्यांच्यासोबत हा कॅट आखणारे आर्थर एडवर्ड वेट यांनीही आपल्या पुस्तकात या पानाचे विरह, विलंब, फाटाफूट असे अर्थ देऊन पुढे मान्य केले की चित्र इतके उघड आहे की अधिक सांगायला नको. थॉथचे पान पाहणाऱ्याला फार मोकळीक देत नाही. शब्द छापून ते निकाल आधीच सांगून टाकते आणि मग ग्रह, राशी आणि रंग यांच्या एका मोठ्या व्यवस्थेत त्याला बसवते. जे पान एका ठिकाणी नक्षी आहे, दुसरीकडे कथा आहे आणि तिसरीकडे सिद्धान्त आहे, त्याचा एकच अर्थ आहे असे म्हणताना ‘अर्थ’ हा शब्द फार सैल वापरावा लागतो.

यावर एक नेमका आक्षेप येईल. स्मिथ आणि हॅरिस यांच्या चित्रांत तपशील वेगळे असले तरी दोन्हीकडे दुःखच आहे; शिवाय पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत ताम्रपटावर कोरलेल्या सोला बुस्का कॅटच्या तिर्रीवरही भेदलेले हृदय आहे. मग जुनी परंपरा एकच नाही का? या साम्याचा उगम मात्र सापडतो. सोला बुस्काच्या पानांची छायाचित्रे १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती, दोनच वर्षांनी स्मिथ यांनी आपली चित्रे काढली आणि दोन्ही कॅटांच्या काही पानांतले साम्य इतके जवळचे आहे की त्यांनी ती पाहिली होती हे अभ्यासक सर्वसाधारणपणे मान्य करतात. दुःखाचे नाव वेट आणि क्रॉली या दोघांनाही एकाच ठिकाणाहून मिळाले. दोघेही १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढवादी संघटनेचे सदस्य होते आणि त्या संघटनेच्या शिकवणीत या पानाला दुःखाचाच स्वामी म्हटले जाई. एका शाळेच्या दोन विद्यार्थ्यांची उत्तरे जुळली म्हणून ते ज्ञान सनातन ठरत नाही.

मुळात टॅरो हा खेळ होता आणि हा पुरावा सर्वांत भक्कम आहे. १४४० च्या फ्लोरेन्समधल्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो तो खेळण्याच्या पत्त्यांचा म्हणून. बावीसपैकी मूर्खाचे पान सोडून बाकीची हुकमाची. ती टाकून हात करायचे, गुण मोजायचे. जुन्या इटालियन नियमांत तलवारी आणि दंड यांत दश्शी वरची, पण पेले आणि नाणी यांत क्रम उलटा, एक्का वरचा आणि दश्शी खालची. मराठी वाचकाला हा नियम परका वाटू नये, कारण सावंतवाडीत रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफाच्या १२० पानांतही दहापैकी निम्म्या रंगांत असाच उलटा क्रम चालतो. असला नियम खेळाचा असतो. भविष्याला त्याचा उपयोग नाही. चित्रे खेळाला किती दुय्यम होती याचे उदाहरण बोलोन्याचे आहे. १७२५ मध्ये तिथल्या पोपच्या प्रतिनिधीच्या हुकमाने पोप आणि सम्राट यांच्या गटातली चार पाने काढून त्यांजागी चार मूर आले. खेळ थांबला नाही. आजही तिथे त्या मूरांसह खेळतात. फ्रान्समध्ये आज खेळल्या जाणाऱ्या टॅरोच्या हुकमांवर तर जुनी चित्रे उरलेलीच नाहीत. तिथे रोजच्या जगण्यातली दृश्ये आणि मोठे आकडे आहेत.

गूढार्थ नंतर आला आणि त्याची जन्मतारीख बरीचशी ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बोलोन्यात थोड्या पानांचे साधे, घरगुती अर्थ टिपलेला एक कागद सापडतो. आजच्या अर्थांशी तो जुळत नाही. १७८१ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ यांनी आपल्या ग्रंथात जाहीर केले की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यों यांनी उलगडली १८२२ मध्ये; म्हणजे १७८१ मध्ये ती कोणालाच वाचता येत नव्हती. तरीही काही वर्षांतच एतेया या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक भविष्यवेत्त्याने खास भाकितासाठी कॅट काढला आणि १८५० च्या दशकात एलिफास लेव्ही यांनी बावीस पानांना हिब्रूची बावीस अक्षरे जोडली. तिथून गोल्डन डॉन, वेट आणि क्रॉली ही साखळी सरळ आहे.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या अंगाने येतो. माता, राजा, मृत्यू, मूर्ख ही माणसाच्या मनातली आद्यरूपे आहेत, म्हणून कोणीही काढली तरी ती मूळ अर्थ सांगतीलच, असे युंगच्या आधाराने म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. मृत्यूचे चित्र कोणत्याही काळात माणसाला थांबवते. पण मूर्खाचे पान कॅटांमागून कॅटांत पाहावे. व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅटमध्ये तो केसांत पिसे खोचलेला, फाटक्या कपड्यांतला, दया किंवा तिटकारा यावा असा माणूस आहे. मार्सेलमध्ये तो भटक्या आहे आणि मागून जनावर त्याला ओरबाडते. स्मिथ यांच्या चित्रात तो कड्याच्या टोकाशी पांढरा गुलाब हातात घेऊन उभा असलेला देखणा तरुण होतो, कुत्रा त्याच्या पायाशी बागडतो आणि मागे सूर्य असतो. हॅरिस यांच्याकडे तो हिरव्या वस्त्रांतला विश्वनिर्मितीचा प्रतिनिधी बनतो, पायाशी वाघ आणि मगर. उपहासाचा विषय असलेला माणूस साडेचारशे वर्षांत निरागसतेचा आदर्श झाला. आद्यरूप म्हणून त्याचे वर्णन करायचे, तर एवढा मोठा पालट कसा झाला याचे उत्तर त्या आद्यरूपात मिळत नाही. ते मिळते मध्ययुगीन इटलीची वेड्यांकडे पाहण्याची दृष्टी आणि १९०९ च्या लंडनमधले कलावंतांचे जग यांच्यातल्या अंतरात.

काही जाणकार दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की मार्सेल हाच शुद्ध टॅरो, बाकीचे भ्रष्ट. त्यांच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे: मार्सेलमध्ये न्याय आठवा आणि बळ अकरावे, राशींचा क्रम जुळावा म्हणून गोल्डन डॉनच्या वळणाने वेट यांनी हे दोन आकडे अदलाबदल केले. हा फेरफार उघड आहे. पण मार्सेलचा क्रमही अनेकांपैकी एक होता. मिलान, फेरारा आणि बोलोन्या इथे हुकमांचे क्रम वेगवेगळे चालत. मार्सेलचे ठसे व्यापारासाठी कोरले गेले, रंग साच्यांतून भरले गेले, आणि त्याचे पावित्र्य नंतरच्या वाचकांनी मानले. कॅट जुना आहे एवढ्याने तो इतरांचा न्यायाधीश होत नाही.

विवेकवादी वाचक विचारेल की भाकिताच्या साधनावर इतका विचार कशाला खर्च करायचा. प्रश्न रास्त आहे, विशेषतः मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत राशिभविष्याच्या शेजारी टॅरोही आता दिसत असताना. माझे उत्तर असे की भाकिताच्या दाव्याला नुसत्या नकारापेक्षा हा इतिहास अधिक खोलवर छेद देतो. पानावरचा अर्थ कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून आणला हे ज्याला दाखवता येते, त्याला ते पान उद्याची बातमी देते असे पटवणे कठीण आहे. आणि भाकीत वजा केल्यावर जे उरते ते मोलाचे आहे: सहाशे वर्षांच्या युरोपीय चित्रकलेचा, छपाईचा आणि कल्पनाशक्तीचा हातात मावणारा दस्तऐवज.

या दस्तऐवजात श्रेयाचा हिशेब मात्र चुकलेला आहे. स्मिथ यांनी सगळा संच काढला, साध्या अंकांच्या पानांना प्रसंग दिले आणि विसाव्या शतकातल्या असंख्य कॅटांचा साचा घालून दिला. नोव्हेंबर १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लित्झ यांना लिहिताना त्यांनीच सांगितले की काम फार मोठे होते आणि मोबदला फार थोडा. कॅट गाजला तो प्रकाशक आणि वेट यांच्या नावाने. स्मिथ १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये कर्ज मागे ठेवून वारल्या. थॉथचा पूर्ण कॅट छापला गेला १९६९ मध्ये. तोवर क्रॉली जाऊन बावीस वर्षे झाली होती आणि हॅरिस १९६२ मध्ये श्रीनगरला निधन पावल्या होत्या. म्हणून संग्राहकांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच: नव्या कॅटची पुस्तिका उघडण्याआधी त्याच्या चित्रकाराचे नाव आणि साल शोधा, ते आपल्या यादीत कॅटच्या नावाआधी लिहा, आणि एखाद्या पानाचा अर्थ कोणाला सांगायची वेळ आली तर तो कोणत्या चित्रकाराच्या पानाचा अर्थ आहे हेही सांगा.