शिकाऊ हाताला 'हो' म्हणावे का?

रुग्णालयात गेल्यावर आपली एक साधी अपेक्षा असते. आपल्याला अनुभवी माणसाने हात लावावा. ही अपेक्षा रास्तच आहे. दुखणे आपले, शरीर आपले. त्यावर कुणी शिकावे हे आपल्याला का आवडावे? पण या अपेक्षेच्या पोटातच एक अडचण आहे. आज जो हात अनुभवी आहे, तो एके काळी शिकाऊच होता. कुणीतरी त्याला शिकू दिले म्हणून तो तयार झाला. मग हे 'कुणीतरी' कोण असावे? आणि दुसऱ्याच्या देहावर शिकण्याची मुभा विद्यार्थ्याला कशाच्या बळावर मिळते?

प्रश्न सर्वच वैद्यकीय शिक्षणाचा आहे. आपण येथे फिजिओथेरपीचे उदाहरण घेऊ. घरात कुणाचा गुडघा बदललेला असतो, कुणाचा खांदा आखडलेला असतो, कुणाला पक्षाघाताने खाटेला खिळवलेले असते. म्हणून हा विषय बहुतेक घरांच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. शिवाय आपल्या परिचयातील एखादी मुलगी किंवा मुलगा या शिक्षणाकडे वळलेलाही असेल.

ही विद्या मुख्यतः हातांची आहे. विद्यार्थी प्रथम पुस्तकातून शिकतात, मग एकमेकांवर सराव करतात. परंतु वीस वर्षांच्या वर्गमित्राचा निरोगी गुडघा विनातक्रार वाकतो. शस्त्रक्रियेनंतर सुजलेला गुडघा कुठे अडतो, रुग्ण दुखण्याने थांबवतो आहे की भीतीने, हे त्या गुडघ्याला हात लावल्यावाचून कळत नाही. पक्षाघाताने ताठर झालेल्या हाताचे सोंग कुणाला आणता येत नाही. असा रुग्ण उठवताना त्याचा लुळा हात धरून ओढायचा नसतो, कारण खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा निसटू शकतो. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागते. ते हातांत मुरायला मात्र खरे रुग्ण लागतात.

म्हणूनच या शिक्षणात रुग्णालयातील, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाला मोठे स्थान आहे. आपल्याकडे अनेक वर्षे हा अभ्यासक्रम चार वर्षे आणि त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप असा चालत आला. २०२१ मध्ये संसदेने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणासाठी देशपातळीवर आयोग नेमण्याचा कायदाही केला. कायदा नियम घालून देतो, तास ठरवतो. पण खाटेपाशी तो उभा राहत नाही. तिथे माणूसच उभा राहावा लागतो.

तो का लागतो, हे एका साध्या शेकावरून समजेल. मधुमेहामुळे काही रुग्णांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. गरम पिशवीचा चटका त्यांना कळतच नाही आणि कातडी भाजते. म्हणून शेक देण्यापूर्वी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या त्वचेला लावून रुग्णाला फरक कळतो का ते पाहायचे असते. बरेच दिवस झोपून असलेल्याला एकदम उभे केले तर रक्तदाब उतरून तो कोसळू शकतो. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नसते. आत रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना कळवायचे असते. घाईत विद्यार्थी यांतले काही विसरू शकतो. त्याचे विसरणे आणि रुग्णाची इजा यांच्यामध्ये शिक्षकाची नजर असते.

आता दुसरी बाजू पाहू. देशातील फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ मध्ये मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून ते उभारले. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न त्या काळी बिकट होता. पुढे लसीकरणामुळे पोलिओ हटला. भारतातील शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण अशा मुलांच्या हातापायांवर आपल्याकडचे कितीतरी हात तयार झाले आणि त्यांनी पुढच्या हातांना शिकवले. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत येणारे बहुतेक रुग्ण गरीब असतात. म्हणजे विद्या घडते बव्हंशी गरिबांच्या देहावर आणि तिचा लाभ मात्र सर्वांना होतो, पैसे मोजून खासगी दवाखान्यात जाणाऱ्यालाही.

यावर काही जण म्हणतात, 'त्यांना उपचार फुकट किंवा स्वस्तात मिळतात. मग विद्यार्थ्यांनी हात लावला तर बिघडले कुठे?' हा युक्तिवाद वरवर व्यवहाराचा वाटतो, पण तो टिकत नाही. सार्वजनिक रुग्णालय समाजाच्या पैशावर चालते. तिथला उपचार ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे. माणसाचा देह म्हणजे केस पेपरच्या फीऐवजी जमा करून घ्यायची वस्तूही नव्हे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या गप्प राहण्याला संमती कसे म्हणावे?

मग शिकणे बंद करावे काय? तसे केले तर वीस वर्षांनी आपल्या मुलांच्या उशाशी अनुभवी हात उरणार नाहीत. तेव्हा शिकणे तर हवेच, पण ते न्याय्य रीतीने व्हावे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट सत्य. 'काका, मी विद्यार्थिनी आहे. आमच्या मॅडम शेजारीच उभ्या आहेत. मी तुम्हाला उभे राहायला मदत करू का?' एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण तेवढ्याने खाटेवरचा देह पुन्हा काका होतो. दुसरी गोष्ट स्वातंत्र्य. काकांनी 'नको' म्हटले तर त्यांचा उपचार कमी होता कामा नये आणि कुणाच्या कपाळावर आठीही पडू नये. एखाद्या बाईने स्त्री विद्यार्थिनीच हवी म्हटले तर तो तिचा मान आहे. एका विद्यार्थ्याला 'हो' म्हटले, म्हणजे सहा जणांनी खाटेभोवती कोंडाळे करावे असा त्याचा अर्थ होत नाही. तिसरी गोष्ट जबाबदारी. देखरेख म्हणजे संध्याकाळी वहीवर केलेली सही नव्हे. गर्दीच्या ओपीडीत माणसे कमी पडतात म्हणून इंटर्नला एकट्याने रुग्ण उरकायला लावणे, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. त्यात रुग्णाचे नुकसान आहे आणि विद्यार्थ्याचेही, कारण चूक दाखवायला कुणी नसले की तीच चूक सवय बनते.

येथे शिक्षकाचीही कसोटी लागते. त्याने प्रत्येक वेळी पुढे होऊन स्वतःच काम केले तर रुग्ण सुरक्षित राहील, पण विद्यार्थी कोराच राहील आणि त्याची किंमत उद्याचा रुग्ण मोजेल. त्याने लवकर हात काढून घेतला तर आजचा रुग्ण मोजेल. सायकल शिकवणारा बाप मागची सीट सोडतो, पण धावायचे थांबवत नाही. शिक्षकाचे तसेच आहे. फरक एवढाच, की येथे पडणारा शिकणारा नसतो. म्हणून शिक्षकाने जास्त सावध असले पाहिजे.

आणि आपले काय? 'मी आधीच वेदनेत आहे, माझ्यावर प्रयोग कशाला?' असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे. असह्य दुखत असताना, भीती वाटत असताना तो जरूर वापरावा. शिकाऊ हाताला होकार देणे ही सक्तीची गोष्ट नाही, ती देणगी आहे. पण ज्यांना नाही म्हणणे परवडते, त्या सर्वांनी नेहमीच नाही म्हटले, तर ही देणगी केवळ गरिबांकडून वसूल होत राहते. शेतकऱ्याने पेरावे आणि आपण फक्त पानावर बसावे, तसे ते होईल. आपल्याला बरे करणारा प्रत्येक हात कुणा अनोळखी माणसाच्या सोसण्यातून घडलेला असतो. त्या माणसाचे ऋण त्याला परत करता येत नाही. ते पुढच्या विद्यार्थ्यालाच फेडायचे असते.

म्हणून पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी नाव सांगून, परवानगी मागून जवळ आली आणि तिच्या शेजारी तिचे शिक्षक उभे असले, तर शक्य असल्यास 'हो' म्हणावे. दुखले तर तसे स्पष्ट सांगावे, तेही तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. शिक्षक दिसत नसतील तर 'तुमच्या मॅडम कुठे आहेत?' असे विचारण्याचा संकोच करू नये. आणि ज्यांची मुले हे शिक्षण घेत आहेत, अशा आईवडिलांनी गुणांची चौकशी करतानाच एक प्रश्न अधूनमधून विचारावा: 'आज ज्यांच्याकडून शिकलास, त्यांचे नाव काय होते?'