खजिन्याची किल्ली

अडचणीत देव आठवतो, हा सर्वांचा अनुभव आहे. अडलेल्याला दुसरा आधार नसतो. यश आणि अधिकार हाती आले की आधार वाढतात: पैसा असतो, माणसे असतात, शब्दाला वजन येते. मग पूजाअर्चा चालू राहते, देवळाला देणग्याही जातात. पण निर्णय घेताना देवाला विचारायचे राहून जाते. बायबलमधला शलमोन राजा राज्याच्या आरंभी देवाकडे फक्त शहाणपण मागतो आणि वैभवाच्या शिखरावर, उतारवयात, त्याच देवापासून दूर जातो. म्हणून यशस्वी माणसाची भक्ती त्याच्या देव्हाऱ्यात शोधण्याऐवजी त्याच्या अधिकाराच्या वापरात शोधावी लागते.

या कसोटीचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात घडले. यशवंत महादेव भोसेकर (१८१५–१८८७) हे सटाण्याचे मामलेदार होते. इंग्रजी अमलात मामलेदार म्हणजे तालुक्याचा कर्ता अधिकारी. शेतसाऱ्याची वसुली आणि सरकारी खजिना त्याच्या ताब्यात असे. साधा कारकून म्हणून नोकरीला लागलेला माणूस या पदावर पोचला, की तिथे टिकून राहण्यातच त्याचे हित असे.

१८७०-७१ च्या दुष्काळात बागलाणातली माणसे अन्नाला मोताद झाली. यशवंतरावांनी आधी घरातले होते नव्हते ते दिले. ते पुरेना, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून भुकेल्यांना पैसे वाटले. परंपरा ही रक्कम सव्वा लाखाच्या वर सांगते. पुढे तपासणी झाली तेव्हा खजिना पूर्ण भरलेला आढळला, अशी श्रद्धा आहे, आणि लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले.

भाविकांचे मन या चमत्काराकडे ओढले जाते. आज्ञापालनाचा क्षण मात्र त्याच्या आधीचा आहे. कुलपात किल्ली फिरली तेव्हा खजिना पुन्हा भरेल याची हमी कोणी दिली नव्हती. समोर होती ती नोकरी जाण्याची, अब्रू जाण्याची, तुरुंगाची शक्यता. दारात उभा असलेला उपाशी माणूस आणि आपले पद यांत देवाची आज्ञा कोणत्या बाजूला आहे हे त्यांनी ओळखले, आणि परिणाम स्वतःच्या अंगावर घेतला.

याच कसोटीचे दुसरे उदाहरण, नाशिक जिल्ह्यातच चांदवडला ज्यांचा रंगमहाल आहे, त्या होळकरांच्या घराण्यातले. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ राज्य चालवले. राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या आज्ञेने कारभार पाहणाऱ्या, ही त्यांची धारणा. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ अशी सही असे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी देवळे, घाट, धर्मशाळा उभारल्या, पण दानधर्माचा हा खर्च खासगीतून केला. राज्याच्या तिजोरीला त्याची झळ लागू दिली नाही.

वरवर पाहता दोघांचे वागणे उलट दिसते. एकाने सरकारी तिजोरी उघडली, दुसरीने ती राखली. मुळाशी धारणा एकच आहे: हातातला पैसा आपला नाही, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोचवणे हे आपले काम. मराठीत याला विश्वस्तपण म्हणतात. विश्वस्ताला दोन गोष्टी कराव्या लागतात: स्वतःसाठी हात आखडायचा आणि हिशेब द्यायला तयार राहायचे. देवाला मानणाऱ्या सत्ताधीशाला तर वरचा हिशेबही चुकत नाही.

अधिकार केवळ राजाला किंवा मामलेदाराला असतो असे नाही. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पतपेढी, बाजार समिती यांतही तो असतो. कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर उभा असतो, तेव्हा शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट वजन करणाऱ्याच्या हाती असतात. तिथे काटा सरळ ठेवणे हीसुद्धा उपासनाच आहे.

दरवर्षी मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात यशवंतराव महाराजांचा रथ निघतो आणि बागलाणातल्या गावोगावचे लोक दर्शनाला येतात. मामलेदार सटाण्याला अनेक झाले. लोकांनी देव म्हटले ते ज्याने किल्ली आपली मानली नाही, त्याला.