माजघरातला देव आणि दोन रात्रींचे पाहुणे

गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घराचे फोटो काढायला गेलो तेव्हा पहिला वाद झाला तो देव्हाऱ्यावरून. आजी गेल्यापासून घर बंद होतं. दरवर्षीची शाकारणी, वाळवी, वीजबिल, हा सगळा खर्च निघावा म्हणून ते होमस्टे म्हणून द्यायचं ठरलं. चुलतभाऊ कॅमेरा घेऊन आला होता. माजघराचा फोटो घेताना तो म्हणाला, "देव्हारा फ्रेमच्या बाहेर ठेवतो. घर न्यूट्रल दिसलं पाहिजे." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "येणाऱ्यांना तो दिसणारच आहे ना? मग फोटोतून कशाला लपवायचा?"

मी देव मानत नाही, तरी मला आईचं पटलं. ज्याला आपण न्यूट्रल म्हणतो ते काय असतं, हे बऱ्याच व्हिलांमध्ये पाहिलंय. स्विमिंग पूलशेजारी बुद्धाचं डोकं ठेवलेलं असतं, खाली फेअरी लाइट. तो बुद्ध कुणाला खटकत नाही, कारण तिथं त्याला कुणी मानत नसतं. तो कुंडीसारखाच एक. अडचण होते ती रोज कुंकू लागणाऱ्या, तेलानं काळ्या पडलेल्या खऱ्या देवाची.

पाहुण्यासमोर आपली श्रद्धा ठेवण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत गिडियन्स नावाची संस्था १९०८ पासून हॉटेलांच्या खोल्यांत बायबल ठेवत आली आहे. धर्मप्रसार हा तिचा उघड हेतू आहे, पण पुस्तक बहुतेक वेळा खणात असतं आणि खण उघडायचा की नाही हे पाहुणा ठरवतो.

दक्षिण गोव्यात एका जुन्या कॅथलिक घरात आम्ही मित्र चार दिवस राहिलो होतो. हॉलमध्ये आल्तार होता. येशू, मारिया, कागदी फुलं आणि सतत जळणारा छोटा लाल बल्ब. आंटींनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "सात वाजता आम्ही तेर्स म्हणतो. अर्धा तास गाणी जरा हळू लावा." आम्ही लावली. दुसऱ्या दिवशी तर बंदच ठेवली आणि पडवीत बसून ऐकत राहिलो. आम्ही नमस्कार करावा, बियर पिऊ नये, असलं काही त्या बोलल्या नाहीत. अर्धा तास आवाज कमी, एवढंच मागणं होतं, आणि तेवढं कुठल्याही शेजाऱ्यानंही मागितलं असतं.

त्याउलट अनुभव एका थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यात आला. तिथं हॉलमध्येच देवघर होतं आणि शेजारी लॅमिनेट केलेला नियमांचा कागद. अंडं आणायचं नाही, कांदा-लसूण शिजवायचा नाही, आणि पाळी असलेल्या महिलांनी देवघराजवळ बसू नये. बुकिंग करताना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आमच्यातल्या एका मैत्रिणीनं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, आम्ही हसलो. पण दोन दिवस ती हॉलमध्ये बसली नाही. तिनं कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ही दोन घरं आठवून मी स्वतःसाठी एक नियम बनवला होता. घरमालकानं आपला देव खुशाल दाखवावा, पण त्याच्या नावानं पाहुण्याच्या शरीरावर, ताटावर हक्क सांगू नये. नियम मला फार आवडला होता. मी आंटींच्या बाजूचा आणि त्या बंगलेवाल्याच्या विरुद्ध, असं मी धरून चाललो होतो. मग आमचं घर सुरू झालं.

तिसऱ्या महिन्यात व्हॉट्सॲपवर एका कुटुंबाची चौकशी आली. नवरा-बायको, दोन मुलं, तीन रात्री. समुद्र किती लांब आहे, स्वयंपाकघर वापरता येईल का, असे साधे प्रश्न. नाव मुसलमान होतं. मी पुण्यात ऑफिसात बसून उत्तर टाइप केलं, "सॉरी, त्या तारखांना घराची दुरुस्ती आहे." काहीच दुरुस्ती नव्हती. मनात विचार आला तो एवढाच, की आईला अवघड होईल. माजघरात देव आहेत, ते नमाज पढणार कुठे, काका काय म्हणतील. हे सगळं मी दहा सेकंदांत ठरवलं आणि पुन्हा कामाला लागलो.

याच विषयावर मी ऑफिसात तावातावानं बोललो आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या सुमारे ६,४०० एअरबीएनबी यजमानांना बनावट प्रोफाइलवरून विचारणा केली होती. बाकी सगळं सारखं, फक्त नावं वेगळी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघालं. पुढे कंपनीनं होकार देण्याआधी पाहुण्याचा फोटो यजमानाला दिसणार नाही असा बदल केला. यावर मी मित्रांना म्हणालो होतो, "आपल्याकडे फोटो लागतच नाही, आडनाव पुरतं." त्या ६,४०० जणांतले काही माझ्यासारखेच असतील. आपण भेदभाव करतो असं त्यांनाही वाटत नसेल. कुणाला तरी अवघड होऊ नये एवढंच ते बघत असतील.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांची नावं घेऊन म्हटलंय, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही. त्यातच पुढे विहिरी आणि तलाव येतात. पुण्याहून गुहागरला जाताना वाटेत महाड लागतं. तिथल्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी पाणी पिऊन तो हक्क बजावला, तेव्हा संविधान यायला बावीस-तेवीस वर्षं होती. होमस्टे हे हॉटेल की कुणाचं घर, यावर वकील वाद घालतील. मी मात्र पैसे घेताना हॉटेल होतो आणि नकार देताना घर.

आईला हे कळलं काकांमुळे. फोनवर ते सहज म्हणाले, "वहिनी, ते तीन दिवस घर रिकामंच होतं की." आईनं मला विचारलं. मी खरं सांगितलं. वर हेही म्हणालो, की तुझ्यासाठीच केलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला चाललं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तू विचारलंस कुठे? माझ्या नावावर खोटं बोललास."

तिनं मोठ्या मनानं "अरे, येऊ दे की त्यांना" असं म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती. म्हणजे मी सुटलो असतो. तिनं त्याऐवजी घराबद्दल सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा पडवीच्या कोनाड्यात दोन कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. आंब्याच्या व्यवहाराला शेजारच्या मोहल्ल्यातले जे कोकणी मुसलमान यायचे, त्यांच्यासाठी. ते पडवीपर्यंत यायचे. ज्यांच्यासाठी कपबशीही नव्हती ते खळ्यातच उभे राहायचे. "माजघरात कोण आलं, कोण नाही, हे सासूबाईंना न सांगता कळायचं. मीही काही बोलले नाही," ती म्हणाली.

माझं काम सॉफ्टवेअरचं. कुणाला कुठल्या स्क्रीनपर्यंत पोचता येईल याच्या परवानग्या मी रोज लिहितो. आमच्या घराची ती यादी खळं, पडवी, ओटी, माजघर अशी बांधकामातच होती आणि सगळ्यांत आत, शेवटच्या दारापलीकडे देव होते. आता साडेतीन हजार रुपये भरून मुंबईचा अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी थेट माजघरात गादी टाकतो. पन्नास वर्षं आंबे नेणारा शेजारी कधी तिथं आला नाही. म्हणजे देव्हारा दाखवावा की लपवावा, हा माझा प्रश्नच अपुरा होता. त्या देव्हाऱ्याच्या नावानं आजवर कुणाला कुठे थांबवलं, आणि ते काम आता मी फोनवरून करतोय का, हे विचारायला हवं होतं. लाकडाच्या देव्हाऱ्यानं कुणाला अडवलेलं नाही. ते काम आम्ही करत आलो.

आता माहितीत तिसरा फोटो देव्हाऱ्याचा आहे. खाली लिहिलंय, की काका सकाळी पूजेला येतात, पाहुण्यांना नको असेल तर तसं सांगावं, ते येणार नाहीत. काका यावर थोडे कुरकुरले, मग म्हणाले, "दोन दिवस आंघोळ नाही मिळाली म्हणून देव काय तक्रार करणार आहे?" मासे शिजवायला परवानगी आहे, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार सोडले तर आम्हीही खातो, आणि आमचे वार पाहुण्यांना लागू नाहीत. मटणाचं काय, यावर आई अजून विचार करते आहे. तिला घाई करायचा मला हक्क नाही, पण ती ठरवेपर्यंत एखाद्याला खोटं कारण सांगायचाही नाही. गणपतीचे पाच दिवस घर आमचं, तेव्हा कॅलेंडर सगळ्यांनाच बंद.

त्या कुटुंबाला मी पुन्हा मेसेज केला. आधी "दुरुस्ती लवकर संपली" असं टाइप केलं. मग पुसलं. दुरुस्ती नव्हती, मी खोटं बोललो, माफ करा, यायचं असेल तर घर मोकळं आहे, असं लिहून पाठवलं. थोड्या वेळानं दोन निळ्या टिका दिसल्या.

उत्तर आलेलं नाही. ते देणं त्यांना बंधनकारकही नाही.