मोकळा रस्ता, मोकळं रान

रोड ट्रिपच्या रील्स बघत असाल तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल : सरळ लांब रस्ता, खिडकीबाहेर काढलेला हात, समोर धुक्यातले निळे डोंगर आणि खाली दोन शब्द, ‘मोकळा रस्ता’. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा रील्सना तोटा नाही. सव्हाना आणि चार्ल्स्टनसारखी जुनी, देखणी शहरं, आणि तिथून काही तासांवर अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतले ट्रेल्स. नऊ दिवसांच्या सुट्टीत दोन्ही आरामात बसतं.

मराठीत ‘मोकळं’ या शब्दाचे निदान दोन अर्थ आहेत. एक, बंधन नसलेलं. दुसरा, कुणी नसलेलं. मोकळ्या मनाचा माणूस वेगळा आणि भाडेकरूने मोकळी करून दिलेली खोली वेगळी. दक्षिणेतल्या रस्त्यांवर आणि रानांत हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळलेत की ते सुटे करता येत नाहीत. रस्ता कुणासाठी मोकळा होता? रान कसं मोकळं झालं? आणि ही उत्तरं कळल्यावर तिथला आनंद घेणं योग्य आहे का? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

आम्ही दोघं अटलांटात राहतो. लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून ही ट्रिप काढली. अटलांटा, सव्हाना, चार्ल्स्टन आणि मग ग्रेट स्मोकी माउंटन्स. यादी करतानाच वाद सुरू झाला. मला गुलामगिरीच्या इतिहासाची ठिकाणं बघायची होती. नवरा म्हणाला, “अगं, आपण सुट्टीवर निघालोय, प्रायश्चित्ताला नाही.” हे वाक्य झटकून टाकण्यासारखं नाही. त्यामागे तीन वेगळे युक्तिवाद आहेत आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पण त्याआधी रस्त्याबद्दल.

१९३६ साली व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका पोस्टमनने एक छोटी पुस्तिका छापली. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठलं गॅरेज गाडी दुरुस्त करून देईल, याची ती यादी होती. ‘ग्रीन बुक’ नावाने ती साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली. हातात गाडी होती, खिशात पैसे होते, सुट्टीही होती. तरी रात्र कुठे काढायची हे पुस्तकात बघूनच निघावं लागायचं. रान तरी वेगळं होतं का? व्हर्जिनियातल्या शेनंडोह राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन इथे काळ्यांसाठी वेगळी मुक्कामाची जागा उघडली. डोंगर तेच, तारे तेच, तंबू मात्र वेगळ्या कुंपणात.

आणि ‘आपण दोघं’? मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग हे व्हर्जिनियातलं जोडपं. तो गोरा, ती गोरी नव्हती. तिथल्या कायद्याने असं लग्न गुन्हा होता, म्हणून १९५८ साली त्यांनी वॉशिंग्टन डीसीत जाऊन लग्न केलं. परत आल्यावर काही आठवड्यांतच रात्री पोलीस त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. कोर्टाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती एका अटीवर स्थगित ठेवली : २५ वर्षं दोघांनी मिळून व्हर्जिनियात यायचं नाही. दोघांनी मिळून! म्हणजे नवऱ्याला शेजारी बसवून माहेरच्या रस्त्याला लागणं हाच गुन्हा. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे कायदे घटनाबाह्य ठरवले. तोवर ते १६ राज्यांत होते. कुणाची तरी साधी रोड ट्रिप व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, हे कळल्यावर स्टिअरिंगवरचा हात जरा वेगळा वाटतो.

आता नवऱ्याचा पहिला युक्तिवाद : हे आपण केलेलं नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही केलेलं नाही. आपण तर परवा-परवा आलो.

अपराध आणि जबाबदारी या दोन गोष्टी इथे वेगळ्या करायला हव्यात. समजा, एखाद्या आजोबांनी भावाला फसवून वाडा बळकावला. त्या वाड्यात नातू वाढला. नातवाने कुणाला फसवलेलं नाही, त्याला अपराधी म्हणणं अन्याय होईल. पण चुलत घरचं कुणी एक दिवस दारात येऊन उभं राहिलं, तर “तुमचा इथे संबंध काय?” असं विचारायचा हक्क नातवाला नाही. त्याच्यावर पाप नाही, पण ती कहाणी ऐकून घेण्याचं देणं आहे. ज्याला फायदा मिळतो त्याच्याकडे निदान तेवढं येतंच.

पण आपण नातू तरी कुठे, आपण तर भाडेकरू, असं तो म्हणाला. इथे एक तारीख आठवावी लागते. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. देशोदेशींसाठी ठरवलेले जुने, वंशभेदी कोटे त्याने मोडले आणि आशियातल्या माणसांना खरं दार उघडलं. हा कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच आला. मतदान हक्काचा कायदा त्याच वर्षीचा आणि त्याआधीचा नागरी हक्क कायदा १९६४ चा. म्हणजे अटलांटाच्या उपनगरात आमचं जे भाड्याचं घर आहे, तिथपर्यंतची वाट सेल्मा आणि मंटगमरीच्या रस्त्यांवर मार खाल्लेल्या माणसांनीही मोकळी केलेली आहे. आपण परवा आलो हे खरं. दार कुणी उघडलं हा प्रश्न त्याने संपत नाही.

मराठी माणसाला तर हा इतिहास परका म्हणायची सोयच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना उद्देशून लिहिली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून एका माणसाला हे दुःख आपलं वाटलं, कारण आपल्या घरातलं दुःख त्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

दुसरा युक्तिवाद जास्त अवघड आहे : मेलेल्यांना आपल्या दुःखाचा काय उपयोग? आपण फलक वाचू, हळहळू, फोटो काढू आणि संध्याकाळी कोळंबी खाऊ. हे दुःख स्वतःलाच बरं वाटावं म्हणून केलेलं नाही का?

सव्हानात हा प्रश्न चांगलाच बोचतो. शहर फार सुंदर आहे. १७३३ साली आखलेले हिरवे चौक, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ. याच शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मार्च १८५९ मध्ये एका जमीनदाराने कर्ज फेडण्यासाठी दोन दिवसांत ४०० हून अधिक माणसं लिलावात विकली. त्या लिलावाला ‘रडण्याचा काळ’ म्हणतात. तिथल्या फलकापाशी उभं राहून मी काय करणार होते? काहीच नाही. नवरा म्हणाला, “बघून झालं की कळलं असं वाटतं. त्यातच धोका आहे.” तो बरोबर बोलत होता. दुःखाच्या ठिकाणांची यादी करून टिकमार्क करत फिरणं हाही एक प्रकारचा उपभोगच आहे.

मग पाहून उपयोग काय? चार्ल्स्टनजवळ याचं उत्तर थोडं सापडलं. तिथे बून हॉल नावाचा जुना मळा आहे. दुतर्फा ओकची झाडं, टोकाला देखणं घर. ‘द नोटबुक’ सिनेमात दिसलेलं हेच घर. ते बघून अनेक जोडप्यांना तिथे लग्न करावंसं वाटलं. अभिनेते रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली यांचं लग्न २०१२ मध्ये तिथेच झालं आणि २०२० मध्ये रेनॉल्ड्सने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याआधी, २०१९ च्या डिसेंबरात, पिंटरेस्टने आणि ‘द नॉट’ या लग्नाच्या वेबसाइटच्या कंपनीने अशा मळ्यांवरच्या लग्नांचा रोमँटिक गाजावाजा थांबवायचं ठरवलं. हे आपोआप झालं नाही. कुणीतरी आधी विचारलं की हे घर कुणी बांधलं, ही शेतं कुणी कसली.

आम्ही शेवटी तिथे न जाता मॅक्लाउड या दुसऱ्या मळ्यावर गेलो. झाडं तशीच, घरही तसंच पांढरं. पण तिथली माहिती मालकाच्या दिवाणखान्यात न अडकता गुलाम माणसांच्या खोपट्यांपाशी नेते. या भागातल्या जुन्या विटांवर बोटांचे ठसे दिसतात. ओली वीट उचलताना उमटलेले. काही ठसे इतके लहान की ते मुलांचे होते हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या पाहण्याने त्या मुलांना काही मिळत नाही, हे कबूल. पण आपण काय विचारतो, कुठलं तिकीट काढतो, यावर उद्या तिथे कुठली गोष्ट सांगितली जाईल हे थोडंफार ठरतं. मेलेल्यांचं देणं फेडता येत नाही. त्यांच्याबद्दल खोटं बोलणं थांबवता येतं.

तिसरा युक्तिवाद डोंगरात गेल्यावर आला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : सगळीच जमीन कुणाची तरी हिसकावलेली आहे. मागे जात राहिलो तर पाय ठेवायला जागा उरणार नाही.

ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त गर्दीचं राष्ट्रीय उद्यान. वर्षाला एक कोटीहून जास्त भेटी. प्रवेश फी नाही, फक्त पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. हे रान आधीपासून रिकामं नव्हतं. १९३४ साली उद्यान झालं ते हजाराहून अधिक जमीनमालकांना उठवून. केड्स कोव्ह या खोऱ्यातला जॉन ऑलिव्हर नावाचा शेतकरी जमिनीसाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढला आणि हरला. आज तिथे ११ मैलांचा वळसा घालत गाड्या रांगेने फिरतात. ओंडक्यांची जुनी घरं जपली आहेत, पण त्या लोकांची नव्या पद्धतीची लाकडी घरं पाडून टाकली. पर्यटकाला खोरं शंभर वर्षांपूर्वीचं दिसायला हवं होतं!

पण ऑलिव्हरचे पूर्वज त्या खोऱ्यात आले १८१८ च्या सुमारास आणि तेव्हा ती जमीन चेरोकी लोकांची होती. पुढे १८३० च्या कायद्याच्या आधाराने, १८३८-३९ मध्ये, सुमारे १६ हजार चेरोकींना सैन्याने पश्चिमेला हाकललं. वाटेत आणि छावण्यांत अंदाजे चार हजार मेले. काही जण या डोंगरांत लपून राहिले. त्यांचे वंशज आजही उद्यानाला लागून राहतात. म्हणजे ज्यांना उठवलं, ते स्वतः उठवलेल्यांच्या जागेवर बसले होते. आणि तरीही उद्यान झालं म्हणून लाकूड कंपन्यांची करवत थांबली, जंगल वाचलं, हेही तितकंच खरं.

इथे आपल्याला वजाबाकी करायची सवय नडते. जंगल वाचलं, मग विस्थापन माफ. किंवा विस्थापन झालं, मग जंगल खोटं. दोन्ही हिशेब चुकीचे. ‘हे चांगलं झालं’ आणि ‘ते वाईट केलं’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी उभी राहू शकतात. एकातून दुसरं वजा होत नाही. आणि सगळीच जमीन हिसकावलेली असेल, तर त्यातून ‘म्हणून विचारूच नका’ असं निघत नाही. ‘म्हणून कुठेही गेलात तरी विचारा’ असं निघतं.

मग आनंद घ्यावा की नाही? मला एक कसोटी उपयोगी वाटते. या जागेसाठी ज्यांनी किंमत मोजली, त्यांच्यातलं कुणी आत्ता शेजारी येऊन उभं राहिलं, तर हा आनंद आपल्याला त्याच्यासमोर तसाच घेता येईल का? गुलामांच्या खोपट्यांना पाठ करून लग्नाचे फोटो काढणं या कसोटीवर टिकत नाही, कारण विसरल्याशिवाय तो आनंद होतच नाही. ट्रेलवर चालणं टिकतं. चढाचा दम, फरच्या झाडांचा वास, वरचा वारा, यातलं काहीच आपल्याला विसरायला सांगत नाही. खरी गोष्ट कळल्यावर जो आनंद मोडतो, तो मोडलेलाच बरा. जो टिकतो, तो मनापासून घ्यावा.

हे नुसतं माझं मत नाही. उद्यानातल्या सगळ्यात उंच शिखराला, ६,६४३ फुटांच्या, दीडशेहून अधिक वर्षं ‘क्लिंगमन्स डोम’ म्हणत. क्लिंगमन हा राजकारणी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्यात जनरल होता. चेरोकींच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये शिखराला त्याचं मूळ नाव परत मिळालं : कुवोही, म्हणजे तुतीच्या झाडांची जागा. त्यांनी अर्ज केला तो नावासाठी. लोकांनी येऊ नये, वाट बंद करा, असं त्यात नव्हतं. वाहनतळापासून टोकापर्यंतची अर्ध्या मैलाची चढण अजून तशीच आहे, रोज शेकडो जोडपी धापा टाकत ती चढतात.

ज्यांचं गेलं, त्यांनी आपल्याकडे मागितलं ते इतकं थोडं आहे. या, बघा, खूश व्हा. फक्त जागेचं नाव नीट घ्या.