तरवडाचे फूल कोणत्या धर्माचे?

नगरच्या मुरमाड टेकड्यांवर, जेथे बाभळीखेरीज काही तग धरीत नसेल असे परक्यास वाटावे, तेथे पावसाळा सरता सरता तरवड पिवळाजर्द फुलतो आणि ती फुले नवरात्रात घटाच्या माळेत ओवली जातात. या फुलास ख्रिस्ती प्रार्थनेत प्रवेश आहे की नाही, हा प्रश्न वरकरणी विक्षिप्त वाटला तरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातला मूळ खटला हाच होता.

1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेऊन नगरास राहावयास आलेल्या या चित्पावन कवीस जी उपासना मिळाली, तिचे ठाणे अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासूनच येथे मांडले होते, आणि तिची बरीचशी गीते भाषांतरित, चालीही विलायती होत्या. टिळकांनी भजन-अभंगांचा आश्रय करून ख्रिस्तास माउली मानले. त्यांच्याच घरी वावरलेल्या बालकवी ठोमऱ्यांनी धर्म बदलला नाही. पण दोघांच्या कवितेतल्या फुलांत धर्मभेद शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

देशी निसर्गातून आपलेपण जागवण्याचा दूरचा दाखला डेन्मार्कात आहे. 1814 मध्ये नॉर्वे हातचे गेलेल्या त्या चिमुकल्या मुलखात हान्स अँडरसनच्या परीकथांसाठी व्हिल्हेल्म पेडरसन या आरमारी अधिकाऱ्याने 125 चित्रे काढली. त्यांतला छपरावरचा करकोचा आणि तळ्याकाठची बदके पाहून डेन वाचकास, निशाण न दाखवताही, हा आपलाच देश असे वाटे. पुढे 1864 मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइनही गेले, तेव्हा हे घरगुती निसर्गचित्र पराभूतांचे सांत्वन ठरले.

टिळकांचे प्रकरण नेमके उलटे. धर्मांतरामुळे ज्याच्या देशभक्तीविषयी आप्तेष्टांनाच शंका, त्यास या भूमीची झाडेवेली जणू आपल्या रहिवासाची सनद म्हणून पुढे करावी लागली. त्यांच्या काही देशभक्तिपर कविता वाचताना (हे मी आदर राखूनच लिहितो) सरकार-दरबारी गुजरलेल्या अर्जाचा वास मला येतो. आणि जो ईश्वर सर्व मुलखांचा, त्याच्यापाशी देशी फुलांचा आग्रह तरी का? उत्तर 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या कवितेत आहे: माणसाच्या हातून घायाळ झालेली, पिलांकडे परतू पाहणारी पक्षीण, तीत ना देश, ना पंथ, ना कसला अर्ज, आणि म्हणूनच कवीचा धर्म न विचारता मराठी घरांनी ती तोंडपाठ केली.

नवरात्राच्या सुमारास नगरकडे येणे झाले, तर वाचकाने सडकेच्या कडेचा तरवड पाहावा. तोडण्याची घाई मात्र करू नये.